सगळ्या कपाटांतलं वाचणाऱ्याविषयी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सध्या माझ्या उशाशी असलेली पुस्तकं अशी: गोडसे भटजींचं 'माझा प्रवास', नारायण धारपांची एक भयकादंबरी, इरावती कर्व्यांचं 'युगान्त', जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आणि दोन जुने दिवाळी अंक. ही यादी ऐकली की बहुतेक जण विचारतात, "पण तुमचा नक्की विषय कोणता?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या प्रश्नामागे वाचनाबद्दलच्या काही समजुती असतात आणि त्यांच्यामुळे कितीतरी चांगले वाचक वाचनालयातल्या अर्ध्या कपाटांकडे फिरकतच नाहीत. कुणी 'आम्ही फक्त वैचारिक वाचतो' म्हणून कथांना दूर ठेवतं, तर कुणी 'आपल्याला काय कळणार' म्हणून इतिहासाला हात लावत नाही. शाळेत असल्यापासून मी हाती येईल ते वाचत आले आहे. या समजुती मी अनेकदा ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्या खऱ्या आहेत. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १: सगळं वाचणारा कशातच खोल जात नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

वस्तुस्थिती: वाचनाची खोली एखाद्या प्रश्नाचा पाठपुरावा किती केला यावर ठरते. आणि नेटाने पाठपुरावा करायचा तर एका कपाटावर भागत नाही.

कर्णाचंच घ्या. मराठी घरांत तो बहुधा शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधून येतो. १९६७ साली आलेल्या या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून कथा सांगतात. वाचून होईतो कर्णावरचा अन्याय आपल्यावरच झाल्यासारखा डाचायला लागतो. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. कुळ, नातीगोती, वारसा, समाजातलं स्थान या अंगांनी त्या महाभारतातल्या माणसांकडे बघतात. त्यांच्या लेखनात कर्णाचं दुःख आहे, पण त्या दुःखापोटी त्याला सूट दिलेली नाही. कुठे तो कमी पडला तेही त्या स्पष्ट सांगतात. त्याआधी, १९६२मध्ये, दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' आलं होतं. तिथे याच व्यक्तिरेखांवरचं ललित चिंतन आहे आणि त्याचा सूर पुन्हा वेगळा आहे.

आता चौथं कपाट. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्चून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. या आवृत्तीचं कुठलंही पान उघडून बघावं. वर मोठ्या टाइपात मूळ संहितेच्या मोजक्या ओळी. त्यांच्याखाली बारीक टाइपात पाठभेदांचा गच्च मजकूर. शारदा लिपीतल्या पोथीत कोणता शब्द आहे, बंगालीत कोणता, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिप्यांतल्या पोथ्यांत कोणता, कुठे एखादा श्लोकच जास्तीचा आहे, सगळं खुणांसकट नोंदलेलं. द्रौपदीने भर स्वयंवरात सूतपुत्राला नाकारलं, हा आपल्या मनात घट्ट बसलेला प्रसंग या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. तो खालच्या टिपांमध्ये गेला आहे, कारण मोजक्याच पोथ्यांचा त्याला आधार आहे. गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची कथाही मुख्य संहितेत नाही.

हे कळल्यावर 'मृत्युंजय' खोटी ठरते का? मुळीच नाही. उलट मग विचारावंसं वाटतं की पुढच्या कथाकारांना तो नकार घालावासा का वाटला असेल आणि तो आपल्याला इतका खरा का वाटतो? कादंबरी कर्णाच्या मनात शिरते, समाजशास्त्र त्याच्या भोवतालात उतरतं, ललित निबंध त्याचा अर्थ शोधतो आणि संहितेची चिकित्सा पुरावा मांडते. यांतलं एक काम दुसऱ्याकडून होत नाही. फक्त 'मृत्युंजय' दहा वेळा वाचणाऱ्यापेक्षा ही चारही पुस्तकं एकेकदा वाचणाऱ्याला कर्ण जास्त कळतो, असं मला ठामपणे वाटतं.

ज्यांना आपण खोल म्हणतो त्यांचं वाचन-लेखन नजरेखालून घालावं. दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याचा अभ्यास केला, 'ऋतुचक्र' लिहिलं, बौद्ध जातककथा मराठीत आणल्या, थोरोचं 'वॉल्डन' मराठीत आणलं आणि 'खमंग'मध्ये स्वयंपाकावरही लिहिलं. मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात त्यांनी आयुष्याचा केवढा तरी काळ वाचनात घालवला. त्यांची व्याप्ती आणि त्यांची खोली वेगळी काढता येत नाही.

गैरसमज २: रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा म्हणजे वेळ घालवायचं साधन. ते काही साहित्य नव्हे.

वस्तुस्थिती: मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लागली ती याच पुस्तकांनी. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं एकेकाळी घराघरांत माहीत होती. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मुलांना पानं उलटायला शिकवलं आणि त्याच भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठी मुलांच्या हातात दिला.

विज्ञानकथेची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. तोवर खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव जगभर झालेलं होतं. त्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं. विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन करणाऱ्या माणसाला आपलं शास्त्र लोकांपर्यंत नेण्यासाठी गोष्ट हेच माध्यम योग्य वाटलं. पुढे २०२१च्या नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांना मिळालं.

रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या, 'अलबत्या गलबत्या'सारखी बालनाट्यं लिहिली आणि 'आरण्यक' व 'लोककथा ७८' ही नाटकंही लिहिली. लेखकाने ज्या भिंती मानल्या नाहीत, त्या वाचकाने का मानाव्यात? भयकथेत वाईट पुस्तकं असतात आणि चांगलीही असतात. वैचारिक साहित्यातही तेच आहे. निवड पुस्तकापुस्तकांत करावी, एका प्रकारावर सरसकट काट मारू नये.

गैरसमज ३: ज्ञान हवं असेल तर वैचारिक पुस्तकं वाचावीत. कथा-कादंबऱ्या करमणुकीसाठी.

वस्तुस्थिती: काही गोष्टी आकडेवारीतून कळतात, काही माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाहीत. १८९१चा संमतिवयाचा कायदा इतिहासाच्या पुस्तकात एका परिच्छेदात येतो: मुलीचं संमतिवय दहावरून बारा वर्षं झालं, टिळक आणि सुधारकांमध्ये वाद पेटला. हे माहीत असायलाच हवं. पण त्याच सुमारास हरिभाऊ आपटे 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो' लिहीत होते. त्यातली यमू स्वतः बोलते. माहेरचे दिवस, सासरचा जाच, नवऱ्याबरोबर सापडलेला थोडा मोकळा काळ, मग वैधव्य आणि केशवपन, हे सगळं तिच्या शब्दांत वाचल्यावर कायद्याच्या त्या परिच्छेदाला चेहरा येतो. उलट बाजूने, त्या वादाचा इतिहास माहीत असला की यमूच्या घरातलं प्रत्येक संभाषण जास्त ऐकू येतं.

या बाबतीत कथेच्या बाजूनेही अतिशयोक्ती होते. २०१३ साली एका प्रयोगातून असा निष्कर्ष आला की साहित्यिक कथेचा थोडासा भाग वाचला तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता लगेच वाढते. ही बातमी खूप गाजली. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. मात्र वर्षानुवर्षं कथा वाचत आलेल्या माणसांना इतरांच्या भावना काहीशा जास्त ओळखता येतात, असा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. तिथेही कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरवणं सोपं नाही. एक कथा वाचून कुणी सहृदय होत नाही. आयुष्यभराच्या वाचनाचा मात्र माणसावर काही ठसा उमटत असावा, एवढंच जबाबदारीने म्हणता येतं.

गैरसमज ४: अवांतर वाचनाने अभ्यास बुडतो.

वस्तुस्थिती: मजकूर समजण्यासाठी अक्षरं वाचता येणं पुरत नाही, विषयाची थोडी पूर्वओळख लागते. १९८८ साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. मुलांचे चार गट होते: वाचनात हुशार आणि बेसबॉल जाणणारी, हुशार पण बेसबॉल न जाणणारी, वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी आणि दोन्हींत कच्ची. मजकूर वाचून मुलांनी मैदानाच्या प्रतिकृतीवर खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायचं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या बरीच पुढे गेली.

आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवा. 'गुगलीवर पुढे सरसावला आणि यष्टिचीत झाला' हे वाक्य ज्याला खेळ ठाऊक आहे त्याला चित्रासारखं दिसतं. ज्याला ठाऊक नाही तो प्रत्येक शब्द वाचतो आणि कोराच राहतो. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक धडा कुठल्या ना कुठल्या विषयाची अशीच पूर्वओळख गृहीत धरतो. समुद्रप्रवासाची गोष्ट वाचलेल्या मुलाला भूगोलातले मतलई आणि खारे वारे अनोळखी वाटत नाहीत. बखरी, चरित्रं, किल्ल्यांची वर्णनं चाळलेल्या मुलीला इतिहासात सनावळीच्या मागची माणसं दिसतात. वेळेचं भान ठेवायला हवंच, परीक्षेच्या आदल्या रात्री धारप नकोत. पण वर्षभराचं अवांतर वाचन हा अभ्यासाचा पाया असतो.

गैरसमज ५: जो भरभर वाचतो आणि वर्षाला जास्त पुस्तकं संपवतो, तो चांगला वाचक.

वस्तुस्थिती: इंग्रजी वाचनावरच्या १९० अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. मनात वाचणाऱ्या प्रौढ माणसाचा सरासरी वेग माहितीपर मजकुरात मिनिटाला २३८ शब्द आणि कथात्मक मजकुरात २६० शब्द निघाला. एवढ्यावरूनही दिसतं की मजकूर बदलला की वेग बदलतो. जलद वाचनाच्या वर्गांतून मिनिटाला हजार-दोन हजार शब्दांची आश्वासनं दिली जातात. वाचनावर आयुष्यभर संशोधन केलेल्या कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली उपलब्ध पुरावा तपासला. वेग फार वाढवला की समज घटते, यातून पळवाट नाही, असं त्यांना आढळलं. त्यांच्या मते, चांगल्या वाचकाचा वेग वाढतो तो शब्दसंग्रह आणि भाषेची ओळख वाढल्यामुळे.

सगळ्या प्रकारांतलं वाचणाऱ्याला हे आपोआप कळत जातं. अर्नाळकरांची रहस्यकथा एका बैठकीत संपवावी, ती त्यासाठीच लिहिलेली असते. हालाच्या 'गाथासप्तशती'तली एक गाथा दोन ओळींची, पण त्या दोन ओळींत कोण कुणाला काय आणि का सांगतं आहे ते उलगडायला वेळ द्यावा लागतो. गीतेचे सातशे श्लोक ज्ञानेश्वरीत नऊ हजारांहून अधिक ओव्यांमध्ये विस्तारले आहेत. ती वर्षाच्या यादीत एक पुस्तक म्हणून मोजायची तर यादीचीच काही चूक आहे. रोज पाच ओव्या वाचणारे आणि त्या दिवसभर मनात घोळवणारे वारकरी मी पाहिले आहेत. त्यांच्या वाचनाला आकड्यात कसं धरायचं?

गैरसमज ६: सुरू केलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे, नाही तर तो पुस्तकाचा अपमान.

वस्तुस्थिती: काही पुस्तकं चाखावीत, काही पटकन संपवावीत आणि मोजकी चावून पचवावीत, अशा आशयाचं फ्रान्सिस बेकनने चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. फ्रेंच कादंबरीकार डॅनिएल पेनाकने १९९२मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि पानं गाळण्याचा हक्कही आहे. मराठी विश्वकोशाचा खंड कुणी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचत नाही, तरी तो वाचकाला भरभरून देतो. पन्नास पानांनंतरही पुस्तक धरत नसेल तर बाजूला ठेवावं. तीन वर्षांनी तेच पुस्तक एका रात्रीत संपतं, असा अनुभव बहुतेक वाचकांच्या गाठीला असतो.

गैरसमज ७: पाकपुस्तकं, प्रवासवर्णनं, दिवाळी अंक हे काही गंभीर वाचन नाही.

वस्तुस्थिती: 'रुचिरा' १९७० साली आली. कमलाबाई ओगल्यांनी पदार्थ वाटी-चमच्याच्या मापात सांगितले, म्हणजे नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीच्या हाताशी जे भांडं असेल त्याच मापात. हे पुस्तक आज वाचताना त्या काळातलं मध्यमवर्गीय मराठी स्वयंपाकघर दिसतं. कोणते जिन्नस घरात असणारच असं लेखिका धरून चालते, पाहुण्यांसाठी काय करायचं, उपासाला काय, उरलेल्या पोळ्यांचं काय. या बाबी इतिहासकाराला दुसरीकडे सहज मिळत नाहीत.

'माझा प्रवास'चंही तसंच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७मध्ये दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते झाशीतच होते. सेनापतींच्या कागदपत्रांत न येणाऱ्या गोष्टी त्यांच्या लेखनात आहेत: भूक, तहान, गाठीच्या पैशाची काळजी, घरी परतण्याची ओढ. चिं. वि. वैद्यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९०७मध्ये प्रसिद्ध झाली. आज हे पुस्तक प्रवासवर्णनाच्या कपाटात ठेवावं, आत्मचरित्राच्या की इतिहासाच्या, हे ग्रंथपालाने ठरवावं. वाचकाला ते तिन्ही ठिकाणी कामाला येतं.

आणि दिवाळी अंक! का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी माणसाला दरवर्षी एकाच बांधणीत कथा, कविता, वैचारिक लेख, व्यक्तिचित्र, प्रवास, विनोद, व्यंगचित्र आणि राशिभविष्य मिळत आलं आहे. कवितेसाठी घेतलेल्या अंकात शेतीवरचा लेख हाती लागतो आणि भविष्य बघायला उघडलेल्या अंकात चांगली कथा सापडते. वेगवेगळं वाचण्याची सवय आपल्या भाषेत शंभर वर्षांहून जुनी आहे. ती परकी नाही, नवीही नाही.

गैरसमज ८: अनुवाद म्हणजे उष्टं. वाचायचं तर मुळातून.

वस्तुस्थिती: मुळातून वाचता आलं तर उत्तमच. पण एका आयुष्यात माणूस किती भाषा शिकणार? शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'ने लुइझा मे अल्कॉटच्या चार बहिणी मराठी मुलींच्या मैत्रिणी केल्या. पु. ल. देशपांड्यांच्या 'एका कोळियाने'तून हेमिंग्वेचा म्हातारा कोळी आपल्यापर्यंत आला. उमा कुलकर्णींमुळे भैरप्पांचं 'पर्व' कन्नड न येणाऱ्या मराठी वाचकाला मिळालं आणि वर सांगितलेल्या कर्णाच्या कपाटात आणखी एका पुस्तकाची भर पडली.

परभाषेतल्या वाचनाचं केवढं बळ असतं ते जोतीराव फुल्यांकडे बघून कळतं. थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' त्यांनी तरुणपणी वाचलं. पुढे १८७३मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. आणि स्वतःचं म्हणणं मांडायला त्यांनी एकच साहित्यप्रकार धरून ठेवला नाही. 'तृतीय रत्न' हे नाटक आहे, शिवाजी महाराजांवर त्यांनी पोवाडा रचला, 'गुलामगिरी' हा संवाद आहे, 'शेतकऱ्याचा असूड' हा गद्य ग्रंथ आणि अखंड ही पद्यरचना. ऐकणारा बदलला की त्यांनी प्रकार बदलला.

गैरसमज ९: पडद्यावर वाचलेलं आणि कानांनी ऐकलेलं खरं वाचन नाही.

वस्तुस्थिती: हे मजकुराच्या प्रकारावर अवलंबून आहे. कागद आणि पडदा यांची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांत भाग घेणाऱ्यांची एकूण संख्या १ लाख ७० हजारांहून अधिक होती. माहितीपर मजकूर, आणि विशेषतः वेळेची मर्यादा असताना, कागदावर जास्त चांगला समजला. निव्वळ कथात्मक मजकुरात असा फरक आढळला नाही. ऐकण्याबाबतही निष्कर्ष मिश्र आहेत. २०१६च्या एका प्रयोगात ऐकणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना मजकूर सारखाच समजला, तर २०१०च्या दुसऱ्या प्रयोगात अभ्यासाचा लेख नुसता ऐकलेले विद्यार्थी मागे पडले. तेव्हा कादंबरी मोबाइलवर वाचायला किंवा लोकलमध्ये ऐकायला हरकत नाही. कायद्याचं, अर्थशास्त्राचं पुस्तक मात्र शक्यतो कागदावर आणि हातात पेन्सिल घेऊन वाचावं. कीर्तन, भारूड, पोवाडा ऐकून शहाणा झालेला आपला समाज आहे. कानाला कमी लेखायचं आपल्याला कारण नाही.

गैरसमज १०: असलं चौफेर वाचन पैसेवाल्यांना आणि शिकलेल्यांनाच परवडतं.

वस्तुस्थिती: विकत घेऊन वाचायचं ठरवलं तर खर्च खरंच झेपत नाही. पण आपल्याकडे वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, पणजीचं आजचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आणि मुंबईचं १८९८चं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. थोड्याशा वर्गणीत हवं ते कपाट धुंडाळता येतं. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये २०१७पासून पुस्तकांचं गाव उभं आहे. तिथे एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात बालसाहित्य असे साहित्यप्रकार मांडलेले आहेत. कुठल्याही घरात जाऊन बसावं आणि फुकट वाचावं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातून वेगवेगळ्या प्रकारच्या पुस्तकांच्या पेट्या वाचकांकडे जातात. दुबईतल्या मराठी वाचकांपर्यंतही त्या पोहोचल्या आहेत.

शिक्षणाचं म्हणाल, तर अण्णा भाऊ साठे शाळेत दीडच दिवस गेले. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर्स वाचत त्यांनी अक्षरओळख पक्की केली. पुढे त्यांनी पोवाडे, लोकनाट्यं, कथा, 'फकिरा'सारखी कादंबरी आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे प्रवासवर्णन लिहिलं. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचं औपचारिक शिक्षण मिळालं नव्हतं, आणि त्यांच्या 'स्मृतिचित्रे'ला मराठी आत्मचरित्रांत तोड नाही. ही माणसं असामान्य होती हे खरंच. पण पदवी नसेल तर अमुक पुस्तक आपल्यासाठी नाही, हे त्यांनी मानलं नाही आणि आपणही मानू नये.

गैरसमज ११: म्हणजे प्रत्येकाने सगळं वाचलंच पाहिजे.

वस्तुस्थिती: असंही नाही. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली घालून दिलेलं सूत्र आहे. त्यात सक्ती कुठेच नाही. जन्मभर फक्त संतसाहित्य वाचणारा किंवा फक्त गड-किल्ल्यांवरची पुस्तकं वाचणारा कमी प्रतीचा वाचक ठरत नाही. पण ज्याला दुसऱ्या कपाटाची ओढ वाटते आणि जो 'ते आपलं नाही', 'ते हलकं', 'ते अवघड' म्हणून थबकतो, त्याला अडवणारं खरं असं काही नाही.

सुरुवात कशी करावी, असं कुणी विचारलं तर मी एकच सुचवते: प्रकार बदलण्याआधी प्रश्न धरावा. पुण्या-मुंबईतल्या १८९७च्या प्लेगचं कुतूहल आहे ना? मग प्लेग अधिकारी रँडच्या वधाचा इतिहास वाचावा. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना मरण पावलेल्या सावित्रीबाई फुल्यांचं चरित्र वाचावं. मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेणाऱ्या हाफकिनबद्दल वाचावं आणि मग काम्यूची 'द प्लेग' ही कादंबरी हाती घ्यावी. चार प्रकारांची चार पुस्तकं होतील, पण विषय एकच राहील. भरकटल्यासारखं वाटणार नाही, आणि चौथं पुस्तक मिटताना पहिल्यातल्या ज्या ओळी नुसत्याच डोळ्यांखालून गेल्या होत्या, त्या कळायला लागलेल्या असतील.